बाराव्या टांगणीच्या सोळा रेघा

आधीच सांगून टाकतो, मी रंगाचा माणूस आहे. भिंत असो, खिडकीचे गज असोत नाहीतर पुलाचं लोखंड, मला त्यात आधी रंग दिसतो आणि मग बाकीचं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांना त्याच लोखंडात फक्त नट दिसायचे. आमचं एकमेकांशी जमायचं नाही असं नाही. चांगलं जमायचं. फक्त एकमेकांच्या कामाबद्दल आम्हा दोघांचंही मनातून फारसं चांगलं मत नव्हतं, आणि ते आम्ही पंचवीस वर्षं चहाबरोबर गिळत आलो होतो.

आमच्याकडचा तो मोठा रस्ता उणापुरा अकरा किलोमीटर. गाडीत नीट मांडी ठोकून बसेपर्यंत निम्मा संपतो. मधे एकच फाटा, तोही कारखान्यांकडे जाणारा, आणि तो चुकला की मुकाट्याने पूल ओलांडायचा, पलीकडच्या चौकातून वळायचं आणि स्वतःला शिव्या घालत परत यायचं. रस्ता मुळात पुलासाठीच बांधला. पूल नसता तर त्या रस्त्यावर कुणी शेरडंसुद्धा हाकली नसती. नदी समुद्राजवळ रुंद होते तिथे हा पूल आहे. दोन बाजूंना दोन लोखंडी कमानी, प्रत्येक कमानीतून खाली सोडलेल्या अठ्ठावीस जाड कांबी, आणि त्या कांबींनी उचलून धरलेला रस्ता. त्या कांबींना तिथली माणसं टांगण्या म्हणतात. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायचं तर वरच्या जुन्या अरुंद पुलावरून वळसा घालावा लागायचा. त्यात दीड तास जायचा.

दाजी पूल सुरू झाला त्याच वर्षी तिथे फिटर म्हणून लागले. टांगणी जिथे रस्त्याला येऊन मिळते तिथे तिच्या पायाशी, पण कठड्याच्या बऱ्याच वर, एक जाड प्लेट असते आणि त्या प्लेटवर सोळा नट. वरून दिवसभर ट्रक जातात, पूल हादरतो, आणि नट म्हटला की त्याला फिरायची हौस असते. तो फिरतोय का हे बघायचं हेच दाजींचं काम. पण नट फिरला हे नुसत्या डोळ्यांना कसं कळणार? म्हणून ते नट घट्ट आवळला की त्यावर एक पिवळी रेघ ओढायचे. रेघ प्लेटवर सुरू व्हायची आणि नटावर संपायची. नट जागचा हलला नाही तर रेघ अखंड. जरा फिरला तरी नटावरचा तुकडा एकीकडे सरकतो आणि प्लेटवरचा तिथेच राहतो. याला ते रेघ तुटली म्हणायचे. शिवाय हातात एक छोटी हातोडी. प्रत्येक नटावर एक टोला, आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट नट टण्ण वाजतो, सैल नट थप्प. सगळा पूल तपासून पुन्हा पहिल्या टांगणीशी यायला त्यांना जवळजवळ महिना लागायचा. मग दुसरी फेरी. पुलावरचे लोक त्यांना टकटक्या म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटायचं नाही.

रेघा ओढायचा ब्रश मात्र माझा. मीच त्यांना जुने ब्रश केस कापून बारीक करून द्यायचो. त्या ब्रशाने त्यांनी घरही सोडलं नाही. छताचा पंखा, पलंगाचे स्क्रू, शिलाई मशीनचा पाय, पाण्याच्या टाकीचं झाकण, जिथे जिथे नट तिथे तिथे पिवळी रेघ. ताई म्हणायची, माझ्या डोक्यात एखादा नट असता तर यांनी लग्नाच्या दिवशीच त्यावर रेघ ओढली असती. माझ्या स्वतःच्या लग्नात तर दाजींनी हॉलच्या मालकाकडे शिडी मागितली, कारण जेवणाच्या पंगतीवरचा पंखा त्यांना हलल्यासारखा दिसला. सासरच्या मंडळींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंखा सैल निघाला, ही गोष्ट वेगळी.

माणूस तसा अबोल. अंगात निळा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक चालणारं आणि एक न चालणारं. फोन बटणांचा. जेवायला बसले की आधी ताट पाटावर हलतंय का ते बोटाने बघणार. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यांनी रजिस्टरात कधी न पाहिलेलं लिहिलं नाही. पावसामुळे एखाद्या टांगणीपर्यंत जाता आलं नाही तर तसंच लिहायचे, 'पाहिली नाही'. वरचे साहेब चिडायचे, म्हणायचे, अहो, 'ठीक' लिहायला काय जातं? हे ढिम्म.

दाजींच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना पुलाला रंग द्यायचं काम निघालं आणि ते आमच्या कंपनीला मिळालं. त्यावर देखरेख माझी. बावीस माणसं, चार परांच्या, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. एवढी वर्षं त्याच पुलावर असूनही त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला नव्हता, हे मी त्यांना दोनदा ऐकवलंही. ते म्हणाले, तुझं काम चांगलं आहे, मग माझा शब्द कशाला?

करारात एक अट होती, नटांवरच्या रेघा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. त्यासाठी आम्ही प्रत्येक रेघेवर टेपची बारीक पट्टी चिकटवायचो, वरून रंग द्यायचो आणि पट्टी ओढून काढायचो. वेळखाऊ काम. पण सगळा पूल आम्ही तसाच केला, त्यात मी खोट काढू देणार नाही.

राहिली होती डाव्या कमानीची बारावी टांगणी. ती का राहिली होती ते सांगतो. एका रविवारी मी ताईकडे जेवायला होतो. दाजी म्हणाले, बाराव्या टांगणीला तू हात लावू नकोस. तिथल्या तीन नटांच्या रेघा तुटल्यात, मी कागद वर पाठवलाय, साहेब येऊन बघेपर्यंत ती तशीच राहू दे. मी हो म्हटलं. आता खरं सांगायचं तर मेहुणा माणूस दाजींचं जितकं ऐकतो तितकंच मी ऐकलं. माझं अर्धं लक्ष ताटात होतं.

पुढच्या आठवड्यात रस्त्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. गुरुवारी कार्यक्रम, मोठी मंडळी येणार, पुलाच्या मधोमध फीत कापणार. आणि पुलाच्या मधोमध उभं राहिलं की जवळजवळ समोरच ही बारावी टांगणी, गंजलेली, पापुद्रे सुटलेली, चकाचक पुलावर एकटीच. दाजी निवृत्तीच्या कागदांसाठी मुख्य ऑफिसात गेले होते, शुक्रवारी येणार होते. बुधवारी दुपारी आमच्या कंपनीचा मालक आला, त्याने ती टांगणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, उद्या फोटोत हीच येणार. मी म्हटलं, करून टाकतो.

माणसं दुसरीकडे गुंतली होती, म्हणून मीच परांचीवर चढलो. टेप चिकटेना. गंजाचे पापुद्रे टेपबरोबर निघून यायचे आणि त्याबरोबर रेघही. शेवटी मी तारेचा ब्रश घेतला आणि सगळी प्लेट घासून काढली. घासण्याआधी मला तीन रेघा दिसल्या होत्या, नटावरचा तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा बाजूला सरकलेला. आता मला कुणीही शहाणा विचारेल, अरे, मग तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, दाजींचं वय झालं, हात थरथरायला लागला बिचाऱ्यांचा. रेघ ही माझ्यासाठी रंगाची गोष्ट, आणि रंगाची रेघ वाकडी असेल तर ती ओढणाऱ्याचा हात वाकडा, एवढंच मला आयुष्यभर शिकवलेलं.

मी प्रायमर दिला, उन्हात वाळू दिला, वरून राखाडी रंग दिला. संध्याकाळी पिवळ्या रंगाचा डबा उघडला, पट्टी धरली आणि सोळाच्या सोळा रेघा ओढून टाकल्या. सरळ, एकसारख्या. मला चक्क अभिमान वाटला. वाटलं, दाजी आले की म्हणतील, वा रे पठ्ठ्या.

गुरुवारी फीत कापली गेली, फोटो निघाले, बारावी टांगणी झकास दिसली. शुक्रवारी सकाळी दाजी कामावर आले आणि थेट तिथे गेले. मी खालून पाहत होतो. ते प्लेटसमोर उकिडवे बसले. मग हातोडी काढून एकेक नट वाजवला. खाली उतरले, माझ्यापाशी आले आणि विचारलं, बाराव्या टांगणीवर कोण होतं?

त्यांचा चेहरा पाहिला. त्या क्षणी मला सगळं कळलं, त्यांनी रविवारी काय सांगितलं होतं तेही शब्दन् शब्द आठवलं. आणि मी म्हणालो, माणसं होती. त्यांनी मान डोलवली आणि गेले.

दुपारी पुलाच्या इंजिनिअर साहेबांनी मला बोलावलं. तरुण मुलगा, चार महिन्यांपूर्वी आलेला, कामाला चोख. त्याने विचारलं, बाराव्या टांगणीच्या रेघांना हात लागला का? मी म्हटलं, नाही साहेब, टेप लावूनच केलंय, बाकीच्यांसारखंच. इतक्या सहज म्हटलं की मलाच नवल वाटलं. अट मोडली हे कळलं असतं तर कंपनी गेली असती, बावीस माणसं घरी बसली असती, मी कुठेही तोंड दाखवायला उरलो नसतो. ही कारणं आहेत. त्यामुळे खोटं खरं होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग सुरू झाली ओढाताण. दाजी म्हणत, तीन नट फिरले आहेत, कदाचित जास्त, जोर मोजायच्या पान्याने तपासा आणि बोल्ट बदला. पण ते करायचं तर त्या बाजूची वाहतूक थांबवायला हवी, आणि ती साहेबांच्या सहीशिवाय थांबत नाही. साहेब स्वतः परांचीवर चढले, टॉर्च मारून सोळाही रेघा पाहिल्या. सरळ. दाजींच्या कागदाबरोबर फोटो नव्हता, बटणांच्या फोनने कुठून काढणार? साहेब त्यांना म्हणाले, "काका, तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत, रेघेवर विश्वास ठेवा. रेघ अखंड आहे."

दाजी म्हणाले, या रेघा माझ्या नाहीत. माझी रेघ प्लेटवर जाड असते आणि नटावर बारीक होत जाते, या दोन्हीकडे सारख्या आहेत. साहेबांनी विचारलं, मग कोणाच्या? दाजी म्हणाले, मी पाहिलं नाही. आणि आवाज? तर नव्या रंगाने फटी भरल्या होत्या. सगळेच नट थोडे दबके वाजत होते. म्हणजे पंचवीस वर्षं ज्या दोन गोष्टींवर ते काम करत आले, डोळा आणि कान, त्या दोन्ही माझ्या एका दुपारच्या रंगाने त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या.

ऑफिसात कुजबुज सुरू झाली. टकटक्याचं आता वय झालं. जाता जाता आपलं महत्त्व वाढवतोय. कुणी म्हणालं, आधी तुटल्या असं लिहिलं ते चुकून लिहिलं आणि आता मागे हटायला लाज वाटते. महिन्याच्या तपासणीचा कागद आला, त्यावर दाजींची सही हवी, 'सर्व टांगण्या ठीक'. त्यांनी बारावीपुढे लिहिलं, 'ठीक नाही', आणि सही केली. तो कागद परत आला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. रोज सकाळी वाहतूक थांबवण्याचा अर्ज द्यायचा, रोज तो 'कारण स्पष्ट नाही' म्हणून परत यायचा, असं आठ दिवस चाललं. बाकीचा सगळा दिवस ते त्या टांगणीच्या खाली, देखभालीच्या लोखंडी मार्गावर, हातोडी घेऊन बसून राहायचे. आठव्या दिवशी त्यांना पत्र मिळालं. कामात अडथळा आणल्याबद्दल खुलासा करा, नाहीतर निवृत्तीआधीच घरी बसा, असा एकूण मजकूर.

मी काय करत होतो? मी मूग गिळून गप्प होतो. उजव्या कमानीवर शेवटचा हात देत होतो आणि डावीकडे बघत नव्हतो. रात्री बायकोने विचारलं, जेवत का नाही, तर तिच्यावर उखडलो. मनाशी म्हणायचो, पंचवीस वर्षं उभा आहे पूल, तीन नटांनी काय होतंय? आणि दुसऱ्याच क्षणी मनाशी म्हणायचो, दाजींना माहीत आहे की हे मीच केलं. माझाच ब्रश, माझाच हात, त्यांना कळणार नाही? ओळखलंय आणि तरी नाव घेत नाहीत. ताईचा भाऊ म्हणून मला सांभाळून घेताहेत. या विचाराने मला आधी बरं वाटायचं आणि मग स्वतःची किळस यायची.

नवव्या दिवशी सकाळी सहालाच ताई माझ्या दारात. चपलाही न काढता आत आली. म्हणाली, यांना पत्र आलंय. हे काही बोलत नाहीत, नुसते जेवतात आणि झोपतात, तेही नीट नाही. तुला काही माहीत असेल तर सांग. मी ततपप करायला लागलो. मग तिने एक गोष्ट सांगितली, सहज, तक्रार म्हणून.

भाचीची नोकरी नदीपलीकडे, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. रोज पुलावरच्या बसने जायची, वीस मिनिटांत पोचायची. दाजींनी तिला सांगितलं होतं, आठ-दहा दिवस जुन्या पुलावरून जा. का, ते सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही, बापाचं ऐकलं. ताई म्हणाली, "पोरगी पहाटे पाचला निघते रे. दोन बस बदलते. अर्धी झालीय."

झालं. इतके दिवस मी तीन नट, तीन नट करत होतो. या माणसाने पंचवीस वर्षांत पुलाबद्दल कधी एक शब्द वाढवून सांगितला नाही, आणि त्याने स्वतःच्या मुलीला त्या पुलावरून जाऊ दिलं नव्हतं. आणि माझी बावीस माणसं रोज त्याच पुलावर चढत होती. कारखान्यांच्या भरलेल्या बस त्याच टांगणीजवळून जात होत्या. मी ताईला सांगितलं, त्या रेघा मी ओढल्या. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग इथे काय बसलायस? जा."

मोटारसायकल काढली. ते अकरा किलोमीटर मला कधी इतके लांब वाटले नव्हते. पुढे एक बस होती, खिडकीत एक माणूस पेपर वाचत बसला होता, आणि मला वाटत होतं त्याला ओरडून सांगावं, उतर. ऑफिसबाहेरच्या बाकावर दाजी बसले होते, खुलाशाचा कागद मांडीवर, कोराच. मी त्यांच्याकडे न बघता आत गेलो.

साहेब चहा घेत होते. मी म्हटलं, "साहेब, बाराव्या टांगणीच्या रेघा माझ्या आहेत. मी खोटं बोललो."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण त्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो असा, आधी कशा होत्या? मी म्हटलं, तीन तुटलेल्या होत्या. किती? मी बोटांनी दाखवलं, गव्हाच्या दाण्याएवढ्या. त्याने पुढे एक शब्द ऐकून घेतला नाही. फोन उचलला आणि पाव तासात डावी बाजू बंद झाली. बाहेर येऊन तो दाजींसमोर उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण दाजी आधीच हातोडी घेऊन उठले होते.

जोर मोजायचा पाना दुपारी आला. पहिले दोन नट अगदी हलक्या हाताने फिरले. तिसराही. त्यानंतर जे झालं ते मात्र दाजींच्या कागदावरही नव्हतं. चौथ्या नटाची रेघ कधीच तुटली नव्हती, तो फिरलाच नव्हता. त्याला पाना लावला तर त्याचा बोल्ट आतून चिरलेला, अर्धा तुकडा नटासकट हातात आला. सैल झालेल्या तिघांचं ओझं तो एकटा वाहत होता. साहेबांनी तो तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला.

डावी बाजू नऊ दिवस बंद राहिली. अकरा किलोमीटरच्या रस्त्यावर सहा किलोमीटर रांग. लोकांनी पुलाला, साहेबांना, सरकारला यथेच्छ शिव्या दिल्या. रांगेत अडकलेल्यांना काय माहीत आपण कशातून वाचलो. सोळाही बोल्ट नवे घातले. आमच्या कंपनीचं काम त्याच दिवशी काढून घेतलं आणि कंपनीने मला काढलं. त्यात कुणाची चूक नाही. बावीस माणसांपैकी चौघं मला अजून रस्त्यात भेटली तर तोंड फिरवतात. मी आता घरांचे दरवाजे आणि खिडक्या रंगवतो.

तो बोल्ट निघाला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, दाजी, तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत. ते हो म्हणाले. मी म्हटलं, मग माझं नाव का नाही घेतलंत? बायकोचा भाऊ म्हणून मला पाठीशी घातलंत, आणि त्यापायी एवढा धोका पत्करलात.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो. म्हणाले, "पाठीशी कसलं घालतोय? मी तुला पाहिलं नव्हतं. विचारलं, तर तू म्हणालास माणसं होती. मी तेच रजिस्टरात लिहिलं. पाहिलं असतं तर त्याच दिवशी तुझं नाव लिहिलं असतं."

मी म्हटलं, ताईचा भाऊ असूनही?

"तुझ्या ताईला सांगून लिहिलं असतं."

नऊ दिवस मी त्यांच्या मायेच्या जोरावर गप्प राहिलो होतो, आणि ती माया तिथे नव्हतीच. होतं ते फक्त त्यांचं काम. मी जरा चिडूनच विचारलं, मग पोरीला बरं थांबवलंत, तेही न पाहताच ना? ते म्हणाले, आवाज ऐकला होता. दबक्यातही चौथा वेगळा वाजत होता. नुसत्या आवाजावर दुसऱ्यांना थांबवता येत नाही, त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, ते दिले. घरच्याला थांबवता येतं. एवढं बोलून ते उठले, कारण हातोडी जमा करायची वेळ झाली होती.

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी साहेबांनी भाषण केलं आणि हातोडी त्यांनाच देऊन टाकली. दाजी दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक त्या खोलीतल्या पंख्याबद्दल होतं.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी ताईकडे गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? मग एका दुपारी दाजीच माझ्याकडे आले, खिशात तो बारीक ब्रश आणि पिवळ्या रंगाची डबी. चहा नको म्हणाले. माझी दुहेरी शिडी अंगणात उभी होती, तिचे सगळे नट त्यांनी आवळले, हातोडीने वाजवले आणि प्रत्येकावर रेघ ओढली. प्लेटवर जाड, नटावर बारीक. मी म्हटलं, कशाला एवढं? ते म्हणाले, तू दिवसभर याच्यावर चढतोस. मग चहा प्यायले आणि गेले. त्या दिवशी मी आत जाऊन पोटभर रडलो, हे बायकोलाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात एका घराची खिडकी रंगवायची होती. शिडी लावली आणि सवयीने खाली वाकून पाहिलं. डाव्या पायाच्या वरच्या नटाची रेघ तुटली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. पाना माझ्या पिशवीत होता, एका पिळात ती पुन्हा सरळ झाली असती. मी हात लावला नाही. घरमालकाला म्हटलं, आज काम होणार नाही, आणि दाजींना फोन केला.